वेणूबाई आणि रुखवतातल्या पर्सा

वेणूबाईंनी माझं तोंड नीट पाहिलं ते ओळख होऊन आठवडा उलटल्यावर. तोवर त्या माझ्या पिशवीकडेच पाहत होत्या. मी नुकतीच चिखलीहून खामगावला, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आले होते आणि माझ्याजवळ वडिलांच्या जुन्या कोटाच्या कापडाची, दोन बंदांची एक पिशवी होती. शिक्षकांच्या खोलीत वेणूबाईंनी ती उचलली, आतला डबा, पेन आणि आवळासुपारीची पुडी टेबलावर ओतली, पिशवी उलटी करून शिवण पाहिली आणि विचारलं, "हे कोणं शिवली वं? शिक्षा म्हून शिवली काय?"

माझ्या आईने शिवली, असं मी जरा घुश्शातच सांगितलं.

"मंग आईले शिक्षा झाली असन," त्या म्हणाल्या आणि पिशवी परत दिली. सामान मलाच भरावं लागलं.

वेणूबाई आमच्या शाळेत शिवण शिकवत. चाळिशीच्या, ठेंगण्या, दंडाने मजबूत, डावखुऱ्या, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा नांदुऱ्याला धान्याच्या अडतीवर दिवाणजी होता आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसला होता. त्यांच्या नावाचं कुंकू तुम्ही अजून कशाला लावता, असं मी एकदा मूर्खासारखं विचारलं. "तो जिता हाये म्हून लावतो. चांगला हाये म्हून नाही," असं म्हणून त्यांनी दातांनी दोरा तोडला. त्या विषयावर त्या यापेक्षा जास्त कधी बोलल्या नाहीत.

मला त्यांच्याच शेजारची खोली मिळाली. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्या डब्यातले मणी सांडले तर मला ऐकू येत, आणि त्यामागून येणाऱ्या शिव्याही. शाळेत त्या कुणालाच नावाने हाक मारत नसत. मी 'भूगोल'. गणिताच्या बाई 'गणित'. मुख्याध्यापिकाबाई दिवसभर सह्या करत म्हणून त्या 'सही', आणि हे त्यांच्या तोंडावरसुद्धा.

या मुख्याध्यापिकाबाईंनी मुंबईहून एक रेग्झीनची पर्स आणली होती. काळी, चौकोनी, वर पितळी चाप. प्रार्थना संपता संपता त्या ती पर्स मिटत आणि टक्क असा आवाज रांगांमधून फिरे. मुली सावधान उभ्या राहत. वेणूबाईंना त्या चापाने झोप येईनाशी झाली. एके दिवशी मुख्याध्यापिकाबाई वर्गावर गेल्या तशी वेणूबाईंनी पर्स ओढली, चाप उघडून आत बोट घातलं आणि चाप मिटला. बोट निघेना. मी ओढलं, गणिताच्या बाईंनी ओढलं, शेवटी तेल लावू म्हणेस्तोवर मुख्याध्यापिकाबाई दारात.

"हे काय चाललंय?"

"सही, तुमच्या पर्सनं मले धरलं," वेणूबाई शांतपणे म्हणाल्या. बोट सुटल्यावर ते चोखत चोखत त्यांनी निकालही दिला, "चाप चांगला हाये. अस्तर मातर फालतू."

पर्सच्या बाबतीत त्यांच्याजवळ सगळा इतिहास तयार होता. भूगोलाचा तास चुकला तरी चालेल पण तो ऐकावा लागे. त्यांच्या आजीच्या वेळी बाईचं सगळं धन पदराच्या गाठीत असे. मग आली चंची, कप्प्याकप्प्यांची, पानाला एक कप्पा, सुपारीला एक, तंबाखूला एक. मग बटवा, तोंडाला दोरी ओवलेला, कमरेला खोचायचा. मग पन्नास-पंचावन्न सालापासून मण्यांच्या पर्सचं खूळ निघालं. काचेचे बारीक मणी दोऱ्यात गुंफून अख्खं कापड तयार करायचं, त्यात मोर नाही तर गुलाब उठवायचा, आत साटीनचं अस्तर, वर चाप. तिच्यात एक रुमाल मावे, तोही घडी नीट घातली तर.

"मंग तिचा उपयोग काय?" मी विचारलं.

"बाईले सामान न्यायचं असते काय? बाईले दिसायचं असते. सामान न्यायले नवरा असते," त्या म्हणाल्या. "पाह्य ना, पहिले कमरेले होती. मंग हातात आली. हातातून काखेत गेली. आता सिनेमातल्या बाया खांद्यावर अडकवून राह्यल्या. अजून धा वर्सानं डोक्यावर बसन, पायजो."

आता मूळ भानगड सांगते. आमच्याकडे लग्नात मुलीकडचं रुखवत मांडतात. शेवया, कुरड्या, लाडू यांच्या शेजारी मुलीच्या हातची कलाकुसर असते, आणि तिथे मुलीची एखादी मावशी उभी राहून नवऱ्याकडच्या बायकांना ठणकावून सांगते, हे सगळं आमच्या पोरीनं स्वतः केलं. त्या काळात मण्यांच्या पर्सशिवाय रुखवत म्हणजे मीठ नसलेली भाजी. पोरींना तर सुईत दोरा ओवता येईना. मग त्यांच्या आया वेणूबाईंकडे येत. मागच्या दाराने येत, पिशवीत झाकून पर्स नेत आणि लग्नात वेणूबाई जेवायला गेल्या तर त्यांना ओळखही देत नसत. घाटावरची असो की घाटाखालची, त्या दहा वर्षांतल्या कुठल्याही नवरीचं रुखवत आठवा, तिथला मोर वेणूबाईंचाच.

एकदा आम्ही दोघी अशाच एका लग्नात रुखवतासमोर उभ्या होतो. नवरीची मावशी वेणूबाईंच्याच पर्सवर बोट ठेवून त्यांनाच सांगत होती, पोरीनं रात्रंदिवस खपून केली म्हणून. वेणूबाई म्हणाल्या, "लयच मेहनती पोट्टी हाये." पण घरी येताना एकदम म्हणाल्या, "मले काही नाही पाहिजे वं भूगोल. एक डाव कोणी चारचौघात माहं नाव घ्यावं. हे वेणूनं केलं, म्हून."

तशी संधी आली. तालुक्याच्या शेती प्रदर्शनात त्या वर्षी महिला विभाग काढला. एका अंगाला दावणीला बांधलेले वळू, दुसऱ्या अंगाला पाण्याचे पंप, आणि मधल्या तंबूत आम्ही. मण्यांच्या पर्सला वेगळं बक्षीस होतं. नाव भोंग्यातून पुकारणार होते. वेणूबाईंनी दीड महिना शेजारच्या खोलीत मणी ओवले आणि मला पर्स दाखवली तेव्हा मी चाटच पडले. मोर नाही, गुलाब नाही. लांबट, चपटी, काखेत धरायची काळी पर्स आणि तिच्यावर आडवी गेलेली पांढऱ्या मण्यांची एकच रेघ.

"मोर कुठाय?"

"उडाला," त्या म्हणाल्या. "मोर पाहून पाहून डोळे फुटले माहे. पुढं अशाच पर्सा येणार हायेत."

परीक्षक म्हणून कुणा मोठ्या साहेबांची बायको आली होती. मूळची पुण्याची, बोलणं अगदी इस्त्री केलेलं. काळ्या पर्सपाशी ती थांबली, तिने पर्स उचलली आणि हळहळून म्हणाली, "अपुरी राहिली का हो ही? नक्षी घालायची राहिलीय वाटतं." उत्तराची वाट न पाहता ती पुढे मोरांकडे गेली.

संध्याकाळी भोंगा सुरू झाला. वेणूबाई ठेवणीतलं पातळ नेसून आल्या होत्या. आपण बक्षीस घ्यायला वर गेलो की आपल्या चपला सांभाळायच्या, असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. आधी वळूंची बक्षिसं झाली. मग, महिला विभाग, मण्यांची पर्स, पहिला नंबर, अमडापूरच्या सौ. पुष्पाबाई.

"माही," वेणूबाई पुटपुटल्या.

दुसरा नंबर खामगावच्याच एका कापडवाल्याच्या सुनेचा.

"हेही माही."

तिसरा नंबर शेगावकडच्या कुणा नव्या सुनेचा.

"हे तं मी तापात केली होती."

तिन्ही पर्सा त्या त्या सुनांच्या रुखवतातल्या. सासवांनी कौतुकाने प्रदर्शनात पाठवलेल्या. तिन्हींतल्या मण्यांचा तिरपा ओढा डावीकडे, कारण विणणारा हात डावा. पण ते पाहायला त्या दिवशी कुणाला सवड होती? चौथं नाव आलंच नाही. भोंगा पंपांकडे वळला. वेणूबाईंनी स्वतःच्याच हातून तीनदा मार खाल्ला होता आणि वर काही बोलायची सोय नव्हती.

एवढ्यावर भागलं नाही. साहेबीणबाई आमच्याकडे आल्या. शेजारी पुष्पा होती, हातात बक्षिसाचा पितळी तांब्या, आणि तिची सासू गयाबाई, अमडापूरच्या मोठ्या शेतकऱ्याची बायको, बांध्याने उंच आणि आवाजाने त्याहून उंच. साहेबीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुम्ही शिवणाच्या बाई ना? या पुष्पाबाईंकडून चार गोष्टी शिकून घ्या. हात बसेल तुमचा."

पुष्पा आमच्याच शाळेत सातवीपर्यंत होती. तिने मान इतकी खाली घातली की तिचा भांगच तेवढा दिसत होता. वेणूबाईंनी हात जोडले. "घेतो बाईसाहेब," त्या म्हणाल्या.

घरी जाताना मी तडकलेच. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता परत चला आणि सांगून टाका. तिन्ही माझ्या म्हणून."

"काय सांगू? त्या पोट्टीच्या सासूसमोर सांगू का तुही सून खोटी हाये म्हून? लग्नाले वरीस नाही झालं तिच्या." मग त्या रस्त्यातच थांबल्या. "मले लय लागलं वं भूगोल," म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसून चालू लागल्या. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

आठ दिवसांनी पुष्पा खामगावच्या बाजाराचं निमित्त करून आली ती रडतच. साहेबीणबाईंना तशीच पर्स हवी होती, बहिणीच्या लग्नात द्यायला, महिन्याभरात. वेणूबाईंकडून गुपचूप करून नेली असती, पण गयाबाईंनी फर्मान काढलं होतं की सुनेने ओसरीवर बसून पर्स करायची. गावातल्या बायका पाहायला येणार होत्या.

वेणूबाईंनी आधी तिला यथेच्छ झोडपली. "सातवीत तुले म्हणत होती, दोरा ओवणं शिक, दोरा ओवणं शिक. तवा तू काय करत होती? बोरं खात होती!" पुष्पा आणखी रडली. तिचं रडणं ओसरेपर्यंत वेणूबाई डब्यातले मणी चाळत बसल्या. मग म्हणाल्या, "आइतवारी येतो मी अमडापूरले. शिकायले येतो तुह्याकडं. त्या बाईनंच सांगितलं ना सगळ्याईसमोर?"

आणि खरंच, पुढचे चार रविवार वेणूबाई एसटीने घाट चढून अमडापूरला शिकायला गेल्या. दुसऱ्या रविवारी मी हटकून बरोबर गेले. असला तमाशा मी सोडणार नव्हते.

ओसरीवर दहा-बारा बायका. मधे पाटावर पुष्पा, तिच्यासमोर वेणूबाई मांडी घालून, दोघींच्या हातात सुया. वेणूबाईंनी दोन मणी ओवले आणि अजागळासारखं तोंड करून विचारलं, "पुष्पाबाई, आता इथून तीनच मणी घेऊ ना?"

"हो, तीनच घ्या," पुष्पा म्हणाली आणि स्वतःही तीनच घेतले.

"आन् दोरा मागच्या मण्यातून काढू ना?"

"हो, मागच्याच."

मग वेणूबाई मुद्दाम चुकल्या. दोरा भलत्याच मण्यातून काढला, पुष्पाचाही तसाच चुकला होता म्हणून. "अवो, हे तं चुकलं माहं. उसवू ना?"

"उसवा," पुष्पाने गंभीरपणे सांगितलं आणि दोघींनी उसवलं.

गयाबाई खाटेवर बसून हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "काऊन हो मास्तरीणबाई, तुमाले एवढंही येत नाही तं साळंत कोणं ठेवलं?"

"वशिल्यानं लागली, गयाबाई," वेणूबाई म्हणाल्या. ओसरी हसली. मला मात्र हसू दाबता दाबता ठसका लागला आणि पाणी आणावं लागलं.

चौथ्या रविवारची हकिकत वेणूबाईंनी मला त्याच संध्याकाळी सांगितली. मोराची मान चालू होती. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "इथं दोन मणी कमी करू ना?" पुष्पा हातातलं काम पाहत राहिली आणि म्हणाली, "नाही बाई. एकच करा. दोन केले तं मान वाकते."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? बरोबर बोलली पोट्टी," वेणूबाई खवळून म्हणाल्या. "मी इतके वर्स दोन कमी करून मान वढून वढून बसवत होती. मले कोणीच सांगितलं नाही." त्या दिवशी त्या जेवल्याही उशिरा. पण दुसऱ्या दिवशी शाळेत सातवीच्या वर्गात त्यांनी मोराची मान एकच मणी कमी करून शिकवली आणि अमडापूरच्या पुष्पाबाईची पद्धत म्हणून सांगितली. स्वतः आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी झुरल्या ती दुसरीला देताना त्यांना एका रात्रीहून जास्त वेळ लागला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढच्या रविवारी साहेबीणबाईंची जीप येणार म्हणून वेणूबाईंनी मलाही अमडापूरला नेलं, आणि जीप येऊन पर्स घेऊन गेली. वेणूबाई आणि मी एसटीची वेळ होईतो ओसरीवर होतो. बायका पांगल्या होत्या. गयाबाई आतून बक्षिसाची पर्स घेऊन आल्या आणि वेणूबाईंनी 'शिकता शिकता' केलेल्या पर्सशेजारी त्यांनी ती ठेवली.

"मास्तरीणबाई, हे दोनी एकाच हातच्या हायेत. दोन्हीचे मणी डावीकडं वढतात. माही सून उजव्या हातानं जेवते, उजव्या हातानं शिवते."

पुष्पा खांबाला टेकली. मी बाहेर एसटी दिसते का पाहू लागले.

"कधी कळलं?" वेणूबाईंनी विचारलं.

"दुसऱ्याच आइतवारी. मी जन्मभर कापूस पाहून पाहून घेतला आन् दिला, मले मणी दिसणार नाहीत काय? पण पोट्टी खरंच शिकून राह्यली होती, म्हून मी गप राह्यली." गयाबाई खाली बसल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच साधा झाला. "माह्या रुखवतात दोन बटवे होते. माह्या मामीनं शिवलेले. सासूनं इचारलं तं मी छाती फुगवून सांगितलं, मीच केले. मामी तिथंच उभी होती, हातात पाण्याची बादली घेऊन. तिचं तोंड मले अजून दिसते. पण मी नाव घेतलं नाही, आन् आता मामी नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमाले त्या दिशी भोंग्यातून सांगता आलं असतं. काऊन नाही सांगितलं?"

"सांगाचं होतं. लय सांगाचं होतं," वेणूबाई म्हणाल्या. "पण तुमी हिले जन्मभर टोचलं असतं."

"टोचलं असतं," गयाबाईंनी कबूल केलं. मग पुष्पाने चहा आणला आणि आमची एसटी चुकली.

पुढे माझं लग्न झालं आणि मी अकोल्याला गेले. दोन-तीन वर्षांत मण्यांच्या पर्सचं खूळ ओसरलं. बाजारहाटाला प्लॅस्टिकच्या वायरच्या विणलेल्या पिशव्या आल्या, कॉलेजच्या मुली खांद्याला शबनम पिशवी अडकवून फिरू लागल्या आणि मोराला कुणी विचारीना. वेणूबाईंचं कसं चाललं असेल अशी काळजी मला वाटे, आणि त्यांचं पत्र येई त्यात फक्त अकोल्यातल्या बायकांच्या हातात सध्या काय असतं याची चौकशी असे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गयाबाईंच्या मुलीच्या, शांताच्या लग्नात. अमडापूरला मांडव घातला होता आणि आतल्या खोलीत रुखवत मांडलं होतं. मधोमध एक पर्स. पांढऱ्या मण्यांची, बारीक, नक्षी अगदी थोडी, आणि खांद्याला अडकवायला पितळी साखळी. वेणूबाई दाराशी उभ्या होत्या, केस बरेच पिकलेले. मला पाहताच त्यांनी आधी माझ्या हातातली पर्स पाहिली आणि नाक मुरडलं. तेवढ्यात नवऱ्याकडच्या बायका आत आल्या. मुलीच्या मावशीने घसा खाकरला, पण गयाबाईंनी तिला बाजूला सारलं आणि स्वतः पुढे झाल्या.

"शेवया माह्या जावेच्या हातच्या," त्या म्हणाल्या. तो आवाज मांडवाबाहेर बैलांनीही ऐकला असेल. "लाडू सैपाकीण बाईचे. रुमाल शांतीचे हायेत, म्हून वाकडे हायेत. आन् हे पर्स खामगावच्या वेणूबाईनं केली. ह्या इथं उभ्या हायेत त्या."

रुखवतासमोर असं खरं बोललेलं त्या बायकांनी कधी ऐकलं नव्हतं आणि आता तोंड कसं करावं ते कुणाला कळेना. मग नवऱ्याच्या आईने पर्स उचलली, साखळी स्वतःच्या खांद्याला अडकवून पाहिली आणि दाराकडे वळून म्हणाली, "तुमी काय हो वेणूबाई?"

"हाव, मीच," वेणूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मी त्यांना लाजताना कधी पाहिलं नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, माझेच डोळे भरून आले.

त्या बायका रुखवत पाहून बाहेर पडेपर्यंत तीन मुलींच्या आया वेणूबाईंना कोपऱ्यात गाठून गेल्या होत्या. साखळीची पर्स सगळ्यांनाच हवी होती. एकीने कानाशी लागून विचारलं, "पण आमच्याकडं नाव नाही घेतलं तं चालन ना?"

"नाही चालन," वेणूबाई म्हणाल्या. "नाव घ्यान तं पर्स. नाही तं पोरीले लाडू द्या."

मला पंगतीला बोलावणं आलं. दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा नवऱ्याकडच्या बायकांचा दुसरा घोळका आत शिरत होता. गयाबाई दमून पाटावर टेकल्या होत्या. वेणूबाईंनी त्यांचं मनगट धरून त्यांना उठवलं.

"गयाबाई, उठा," त्या म्हणत होत्या. "ह्या आत्ता आल्या. यायनं आयकलं नाही. अजून एक डाव सांगा."